नागरिकाची पहिली वेलांटी

मास्तरांनी तक्रारअर्ज लिहिला तो रागाच्या भरात, आणि तरीही त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती. तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या माणसाचा राग असाच असतो. तो वेलांट्या सांभाळून येतो.

रागाचं कारण उजव्या कोपरावर होतं. सकाळी वाचनालयातून परतताना मास्तर गल्लीच्या कोपऱ्यावरच्या टेलरमामांच्या दुकानावरून चालले होते. दुकान इतकं चिंचोळं, की मामा आत असले की गिऱ्हाईक बाहेर आणि गिऱ्हाईक आत आलं की मामा बाहेर. म्हणून मामांनी दाराला बिजागरीवर एक फळी ठोकली होती. सकाळी ती फुटपाथवर उघडायची, तिच्यावर कापड पसरून कापायचं, संध्याकाळी मिटायची. बारा वर्षं ती फळी तिथे होती. बारा वर्षं मास्तर तिला वळसा घालून जात होते. पण त्या दिवशी पेपरात अग्रलेख जरा बरा होता, मास्तर चालता चालता वाचत होते, आणि फळीचा कोपरा त्यांच्या कोपराच्या नेमक्या त्या हाडावर बसला, जिथे लागलं की माणसाला काका-मामा सगळे आठवतात.

"लागलं का हो मास्तर?" मामा आतून ओरडले.

"छे छे!" मास्तर म्हणाले, आणि डोळ्यांतलं पाणी पेपराआड पुसून घरी आले.

तासाभराने ते पुन्हा दुकानाशी हजर झाले. "मामा, जरा तुमची टेप देता? खिडकीच्या पडद्याचं माप घ्यायचंय."

"न्या की. फक्त ती टेप जरा..."

"मामा, मला मोजता येतं," मास्तर म्हणाले. मामा चहाला गेलेले पाहून त्यांनी फळी मोजली, टेप परत केली, आणि घरी जाऊन लिहायला बसले. 'सदरहू फळी सार्वजनिक पदपथावर दोन फूट तीन इंच इतके अतिक्रमण करीत असून पादचाऱ्यांच्या जीवितास व कोपरास धोका निर्माण झाला आहे.' खाली सही केली: एक जागरूक नागरिक.

बायकोने खांद्यावरून वाचलं. "नाव का नाही घातलंत?"

"नागरिकाला नाव नसतं. नागरिक ही एक वृत्ती आहे."

"वृत्ती कसली, भीती आहे ती. रोज संध्याकाळी त्याच मामांच्या स्टुलावर बसून गप्पा झोडायच्या असतात तुम्हाला."

मास्तरांनी अर्ज महापालिकेच्या तक्रारपेटीत टाकला, आणि एक कर्तव्य पार पाडलं म्हणून दुपारी छान झोपले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सवयीने पाय दुकानाकडे वळले. मामांनी स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "मास्तर, जरा फळीला हात लावून बघा."

फळीच्या कोपऱ्याला एक छोटी, गुबगुबीत गादी शिवलेली होती. आत कापूस, वर राखाडी कापड, कडेने दुहेरी टीप.

"काल तुम्ही नाही म्हणालात, पण लागलंच होतं. चेहऱ्यावर दिसत होतं," मामा म्हणाले. "कापड ओळखीचं वाटतंय का? तुमच्याच गेल्या पँटचं उरलेलं. म्हटलं, तुमचा कोपर तुमच्याच कापडावर आपटलेला बरा."

मास्तरांना त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणीच्या वर फुटपाथ होता, आणि त्याबद्दल तर त्यांनी अर्जच केला होता.

सकाळी दहाला ते पालिकेच्या कचेरीत तक्रार-खिडकीसमोर उभे होते. खिडकीत एक बाई होत्या. चष्मा नाकाच्या टोकावर, एक बोट कीबोर्डवर.

"एक तक्रार मागे घ्यायची आहे," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "कोपऱ्यावरच्या शिंप्याच्या फळीबद्दलची."

बाईंनी शोधली. "सापडली. तक्रारदार नागरिक. तुम्हीच का ते?"

"म्हणजे... आपण सगळेच नागरिक."

"मी नाही हो. माझं आडनाव वेगळं आहे." बाईंनी पडदा त्यांच्याकडे फिरवला. मास्तरांनी चष्मा सारखा करून वाचलं. आडनाव: नागरिक. नाव: एक. वडिलांचे नाव: जागरूक.

"अहो, हे आडनाव नाही!" मास्तरांचा आवाज चढला. "एक जागरूक नागरिक! म्हणजे जो जागा आहे, ज्याला हक्क आणि कर्तव्य दोन्हींची जाणीव आहे, असा एक कोणीतरी."

"रकाने तीन, शब्द तीन. बसले की बरोबर," बाई शांतपणे म्हणाल्या. "आणि आडनावं काय हो, प्राण्यांवरून असतात, भाज्यांवरून असतात. आमच्या साहेबांचं तर भांड्यावरून आहे. त्यांना कुणी म्हणतं का, हे आडनाव नाही म्हणून?"

"शाळेत नागरिकशास्त्र होतं ना तुम्हाला?"

"वीस मार्कांचं. ऑप्शनला टाकलं होतं."

तीस वर्षं ज्या विषयासाठी घसा कोरडा केला, त्याची ही वासलात ऐकून मास्तर क्षणभर खिडकीचा गज धरून राहिले. मग मुद्द्यावर आले. "मागे घ्यायला काय करावं लागतं?"

"नागरिकांनी स्वतः यायचं, ओळखपत्र दाखवायचं, अर्ज द्यायचा. त्याची एक प्रत समोरच्या पार्टीला जाते. नावगावासकट."

"समोरच्या पार्टीला?"

"मग! त्यांनाही कळायला नको, कोणी मोठ्या मनाने मागे घेतली ते?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "पण तुम्ही कोण?"

"मी..." मास्तरांच्या डोळ्यांपुढे ती राखाडी गादी आली. "मी नागरिकांच्या ओळखीचा आहे."

"मग त्यांना म्हणावं, या एकदा. आणि वडिलांना आणलंत तरी चालेल."

चार दिवसांनी संध्याकाळी टेलरमामाच घरी आले. हातात नोटीस होती. मास्तरांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि स्वयंपाकघरात जाण्याऐवजी दारातच उभी राहिली. अशी करमणूक रोज थोडीच मिळते.

"मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. मला एक सांगा, हा नागरिक कोण?"

"नागरिक?" मास्तरांनी कधी न ऐकलेला शब्द उच्चारावा तसा उच्चारला.

"एक जागरूक नागरिक. बापाचं नाव जागरूक. पोस्टमनला विचारलं, तो म्हणाला माझ्या अख्ख्या भागात या आडनावाचं घर नाही. माझी मापांची वही पहिल्या पानापासून पाहिली. बारा वर्षांत नागरिक नावाचं माप मी घेतलेलं नाही."

"मामा, ते आडनाव नाही. नगरात राहतो तो नागरिक, ही झाली व्युत्पत्ती. नागरिक म्हणजे तुम्ही, मी, पोस्टमन. आपण सगळे."

"म्हणजे ही तक्रार मीसुद्धा केली?"

मास्तर अडखळले. "तत्त्वतः... हो."

"तत्त्वतः," मामांनी तो शब्द जपून ठेवल्यासारखा परत म्हटला. मग पाणी पिऊन म्हणाले, "तुम्ही म्हणता ते पुस्तकात असेल. मला विचाराल तर हा शब्द मी नेहमी ओरडा खाताना ऐकलाय. नागरिकांनी रांगेत उभं राहावं. नागरिकांनी इथे थुंकू नये. काही द्यायचं असलं की नागरिक म्हणत नाहीत, तेव्हा लाभार्थी. मत हवं असलं की मतदार. आणि काही फुटलं-मोडलं की अज्ञात इसम. आपण आपले पब्लिक बरे. नागरिक म्हणजे कोण, तर जो सही करतो आणि नाव लिहीत नाही तो."

दारातून बायकोचा खोकला ऐकू आला. तिला खोकला झालेला नव्हता.

"मग आता पुढे?" मास्तरांनी घाईघाईने विचारलं.

"आठ दिवसांत खुलासा द्यायचाय. मग साहेब येऊन फळी बघणार. फळी गेली तर मी कापू कुठे? मांडीवर? रुमालापलीकडे काही शिवता येणार नाही मला." मामा हसत होते, पण हातातल्या नोटिशीची घडी त्यांनी चौथ्यांदा घातली. "मास्तर, तुमच्यासारखं लिहिणारं कोणी नाही. खुलासा तुम्हीच लिहून द्या."

आपल्याच तक्रारीला आपणच उत्तर द्यायची पाळी फार थोड्या लेखकांवर येते. मास्तरांनी ती जीव ओतून पार पाडली. एकच अडचण होती, अक्षराची. दोन्ही कागद एका फायलीत शेजारी शेजारी लागले असते तर आंधळ्यालाही कळलं असतं. म्हणून मास्तर सांगत गेले आणि बायको लिहीत गेली. खुलाशाखाली मामांनी सही केली. मास्तरांचं तेवढ्याने समाधान होईना. त्यांनी मामांना न सांगता आणखी एक पत्र सांगितलं, फळीच्या बाजूने, एका तटस्थ माणसाचं.

"खाली कुणाचं नाव घालू?" बायकोने विचारलं.

"नाव नको. लिही, एक सुजाण नागरिक."

तिने लिहिलं. मास्तरांनी पाहिलं आणि दचकले. "अगं, नागरिक! रिला पहिली वेलांटी. तू दुसरी दिलीस."

"मी जन्मभर दुसरीच देत आले. खोडू?"

मास्तरांचा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की या वेलांटीसारखा दुसरा बुरखा नाही. मास्तरांनी लिहिलं असा संशय घेणारा माणूस ही वेलांटी पाहून माफी मागेल.

"राहू दे," ते म्हणाले, आणि कडू औषध घ्यावं तसं पत्र पाकिटात घातलं.

पाहणीच्या दिवशी अकरा वाजता साहेब आले. सोबत खिडकीतल्या बाई, काखेत फाइल. त्या बाहेर पडलेल्या पाहून मास्तर विजेच्या खांबाआड गेले, पण खांब बारीक होता आणि मास्तर तसे नव्हते. मामांच्या दुकानासमोर पंचवीस-तीस माणसं जमली. कामधंदा नसलेली दहा आणि कामधंदा सोडून आलेली बाकीची.

"तक्रारदाराला पुकारा," साहेब म्हणाले.

"नागरिक एक जागरूक!" बाई ओरडल्या. "हजर आहेत का? ...नागरीक एक सुजाण! यांचं पत्र फळीच्या बाजूने आहे, साहेब. पहिल्यांची वेलांटी पहिली आहे, यांची दुसरी. भाऊबंद दिसतात. घरात पटत नसणार."

"तुमच्यापैकी नागरिक कोण आहे?" साहेबांनी जमावाला विचारलं.

सगळे एक पाऊल मागे सरकले. जो तो शेजाऱ्याकडे पाहू लागला. एवढी गर्दी, आणि तिच्यात नागरिक म्हणून एक निघेना.

साहेबांनी खिशातून पोलादी टेप काढली, सर्रकन फळीवर ओढली. "दोन फूट दोन इंच. अर्जात किती लिहिलंय?"

"दोन फूट तीन."

"म्हणजे नागरिकांनी एक इंच वाढवून सांगितलंय," साहेब म्हणाले. मास्तरांना ते झोंबलं. त्यांनी दोनदा मोजलं होतं. मामा मात्र खाली मान घालून फळीवरच्या गादीचा एक सुटा धागा तोडत होते.

"तक्रारदार गैरहजर," साहेबांनी निर्णय सांगितला. "त्याच्याशिवाय ना फळी काढता येत, ना फाइल बंद करता येत. नागरिक सापडेपर्यंत दर महिन्याला पाहणी होईल. त्या दिवशी दुकान बंद ठेवायचं. आणि तोवर फळी उघडायची नाही."

मामा पुढे झाले, फळीवरचं अर्धं कापलेलं कापड गोळा केलं, खडू खिशात टाकला आणि फळी मिटायला घेतली. बिजागरी कुरकुरली. अर्धी वर गेलेली फळी दुकानाच्या तोंडावर आली तसं आतलं मशीन दिसेनासं झालं.

मास्तरांना ते पाहवलं नाही. तीस वर्षं फळ्यावर लिहिलेली व्याख्या त्यांना आठवली, हक्क आणि कर्तव्य. एका वाक्यात उत्तर लिहा, एक गुण. ते खांबामागून बाहेर आले.

"थांबा," मास्तर म्हणाले. "नागरिक मी आहे. ती तक्रार मी लिहिली. मी ती मागे घेतो."

फळी मामांच्या हातात अर्धवट तशीच राहिली.

"ओळखपत्र?" बाईंनी हात पुढे केला. मास्तरांनी दिलं. बाईंनी वाचलं, उलटं करून वाचलं, फोटो आणि तोंड पडताळलं. "साहेब, यांचं आडनाव नागरिक नाही. नावही एक नाही. वडील तर दुसरेच. हे गृहस्थ मागे एकदा आले होते, मला म्हणाले होते, मी नागरिकांच्या ओळखीचा आहे."

"अहो, तेव्हा मी खोटं बोललो होतो!"

"आणि आता खरं बोलताय हे कशावरून?" साहेब म्हणाले. "तुम्ही नागरिक असल्याचा काही पुरावा?"

नागरिकाची कर्तव्यं नऊ प्रकारांनी शिकवलेल्या माणसाकडे, आपण नागरिक आहोत याचा एक कागद नव्हता.

तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "काय माणूस आहे बघा! दोस्तासाठी दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेतोय!" दुसऱ्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. मास्तर "अहो, नाही, ऐका तरी," म्हणत राहिले, तसतसा त्यांचा मोठेपणा वाढत गेला. एक आजी तर पदराने डोळे टिपू लागल्या.

शेवटी मामाच पुढे आले. "साहेब, भांडण आपसात मिटलं असं लिहून दिलं तर चालतं का हो?"

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती. "चालतं," त्या म्हणाल्या. "समोरच्या पार्टीने एकट्याने लिहून दिलं तरी चालतं. त्यांची ओळख पटलेली आहे."

मामांनी अर्ध्या मिटलेल्या फळीवरच कागद टेकवला आणि एकेक अक्षर टाका घालावा तसं लिहिलं, 'माझे आणि नागरिकाचे आपसात मिटले आहे.' खाली सही केली. फाइल बंद झाली. फळी पुन्हा उघडली.

संध्याकाळी मास्तर दुकानाशी आले, पण स्टुलावर बसेनात.

"बसा की."

"मामा, मी सकाळी खरंच सांगत होतो. कोणाचा विश्वास बसला नाही, पण ती तक्रार मीच केली. मला फार वाईट वाटतंय हो."

"माहीत आहे मला," मामा सुईत दोरा ओवत म्हणाले.

"वाईट वाटतंय ते?"

"तक्रार केलीत ते. नोटीस आली त्या दिवसापासून." मामांनी गळ्यातली टेप काढून त्यांच्यापुढे धरली. टेपचं टोक झिजून गेलं होतं. पहिला इंच जागेवरच नव्हता. पट्टी एक या आकड्यापासूनच सुरू होत होती. "वर्षभर झालं तुटून. मी मोजताना एक इंच वजा करतो. तेच सांगत होतो तुम्हाला त्या दिवशी, तर तुम्ही म्हणालात, मला मोजता येतं. नोटिशीत दोन फूट तीन इंच होतं. माझी फळी दोन फूट दोन इंच आहे, मास्तर. तिला दोन फूट तीन इंच म्हणणारी टेप अख्ख्या गावात ही एकच."

मास्तर मटकन स्टुलावर बसले. "मग घरी येऊन मला का विचारलंत, नागरिक कोण म्हणून?"

"म्हटलं, सांगतील. नाही सांगितलंत. मग म्हटलं, खुलासा लिहायला सांगू, लिहिता लिहिता तरी सांगतील. तरी नाही. पण खुलासा झकास लिहिलात हो. वाचून मलाच माझी दया आली." मामा हसले. मग हसू जरा आवरून म्हणाले, "वाईट मलाही वाटलं होतं. बारा वर्षं रोज इथे बसता. फळी आत घे म्हणाला असतात, तर घेतली नसती का? नुसतं 'मामा' म्हणायचं होतं."

मास्तरांनी गादीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "यापुढे मी पेपर घरी वाचेन."

"आणि वाचनालयातून यायच्या वेळेला मी फळी अर्धी मिटेन. आता पडद्याचं कापड आणा. माप घेऊन गेलात त्याला महिना होईल. वहिनी मला रोज विचारतात, आमच्या पडद्याचं काय झालं म्हणून."

"तिलाही ठाऊक होतं, तुम्हाला कळलंय ते?"

"त्यांनीच तर मला ते दुसरं पत्र दाखवलं होतं, पाकिटात जायच्या आधी."

मामांनी मापांची वही ओढली. पडद्याचं माप लिहायचं होतं. मास्तरांचं पान निघालं: छाती, कंबर, बाही, उंची, सगळी बारा वर्षांची मापं. पानाच्या वर त्यांचं नाव होतं, आणि नावापुढे कंसात ताज्या शाईने लिहिलं होतं, 'नागरीक'.

मास्तरांनी ते वाचलं. एकदा मामांकडे पाहिलं, मग खिशातून लाल पेन काढलं.

"पहिली वेलांटी, मामा," ते म्हणाले, आणि स्वतःच्या हाताने दुरुस्त केली.